दारावरचं गोल तोरण रंगवताना

घोटीत लाकडावर काही रंगवायचं म्हटलं की आधी हवेचा अंदाज घ्यावा लागतो. शेजारी इगतपुरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. घोटी घाटमाथ्यापासून जरा आत असल्याने इथे तो थोडा कमी, पण गणपती उठले तरी भिंतींची ओल हटत नाही, दारं चौकटीत अडकतात आणि फळीवर हात फिरवला तर ती गार लागते. दसरा-दिवाळीच्या तोंडावर दारासाठी काही रंगवायला बसणाऱ्याने ही गोष्ट पहिली ध्यानात ठेवावी. हात सफाईदार आहे की कच्चा, हा प्रश्न नंतरचा. लाकूड कोरडं आहे का आणि ते सगळ्या बाजूंनी बंद केलंय का, यावर तोरणाचं आयुष्य ठरतं.

आपण इथे रंगवणार आहोत ते गोल तोरण. नाताळात ख्रिस्ती घरांच्या दारावर हिरव्या पानांचं गोल कडं लावतात, ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तसंच कडं लाकडाचं करायचं आणि त्यावर आंब्याची पानं, झेंडू आणि भाताच्या लोंब्या रंगवायच्या. घटस्थापनेला लावलं की तुळशीच्या लग्नापर्यंत दारावर शोभतं, आणि नीट केलं तर पुढच्या वर्षी पुन्हा बाहेर काढता येतं.

हल्ली नाशिकच्या दुकानांत अशी तयार कडी मिळतात. त्यांवर पाइनची पानं, लाल बोरं आणि गव्हाच्या ओंब्या असतात. ती वाईट नाहीत, पण घोटी ही भाताची बाजारपेठ आहे. आजूबाजूच्या गावांचा भात इथल्या गिरण्यांवर येतो, दसऱ्याच्या सुमारास हळवा भात कापणीला आलेला असतो, निमगरवा आणि गरवा त्याच्या मागोमाग पिवळा पडत जातो. ज्यांच्या दारासमोर हे शेत आहे त्यांनी दारावर गहू का लावावा? म्हणून या तोरणात मुख्य काम लोंबीचं आहे आणि बाकी सगळं तिच्या सोबतीला.

साहित्य आणि कडं

कड्यासाठी 6 मिलिमीटर जाडीचा वॉटरप्रूफ प्लाय घ्या. एमडीएफ कापायला सोपा आणि गुळगुळीत असतो, पण एकदा पाणी पिऊन फुगला की पुन्हा बसत नाही. बंद जिन्यातल्या दारावर लावणार असाल तर एमडीएफ चालेल, ओटीवर किंवा उघड्या पडवीत मात्र प्लायच हवा. बाहेरचा व्यास 12 इंच आणि आतला 7 इंच ठेवला की रंगवायला अडीच इंचांचा पट्टा मिळतो. याहून अरुंद पट्ट्यावर लोंबी बसत नाही, याहून रुंद केला तर कडं थाळीसारखं जड दिसायला लागतं. वर्तुळ काढायला मध्यभागी एक छोटा खिळा, त्याला दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला पेन्सिल, एवढं पुरतं. कापायचं काम सुतारावर सोपवा, जिगसॉ मशीनने ते काही मिनिटांत होतं. टांगण्याचं भोक त्याच वेळी पाडून घ्या. रंग झाल्यावर ड्रिल लावलं तर भोकाच्या कडेचा रंग उडतो आणि नेमकी तिथूनच ओल शिरते.

सुतार नसेल तर जुन्या धान्याच्या चाळणीची लाकडी रिंग किंवा भरतकामाची मोठी रिंगसुद्धा चालते. तिच्यावर जाड पुठ्ठ्याचे तीन थर फेव्हिकॉलने चिकटवून पट्टा तयार करता येतो. गोल कड्याचं आणि टाकाऊ वस्तूचं नातं तसं जुनं आहे. 1839 मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गला योहान विखर्न नावाच्या पाद्र्याने आपल्या आश्रमातल्या गरीब मुलांना नाताळपर्यंतचे दिवस मोजता यावेत म्हणून गाडीचं जुनं चाक घेतलं आणि त्याच्यावर रोजची छोटी लाल आणि रविवारची मोठी पांढरी मेणबत्ती लावायला सुरुवात केली. चार मेणबत्त्यांचं जे कडं आज चर्चमध्ये दिसतं, ते त्यातूनच आलं. तेव्हा घरात जे गोल आहे ते आधी शोधा, विकत आणण्याचं नंतर बघा.

बाकी सामान घोटीच्या बाजारपेठेत मिळतं. हार्डवेअरच्या दुकानातून 120 आणि 220 नंबरचा पॉलिश पेपर, लाकडाचा पांढरा प्रायमर आणि पाण्यात मिसळणारं मॅट वॉर्निश. स्टेशनरीच्या दुकानातून ॲक्रिलिक रंग: पांढरा, पिवळा, पिवळी माती म्हणजे यलो ऑकर, लाल, गडद हिरवा, बर्न्ट सिएना आणि निळा. काळा लागत नाही. गडद छटा हवी तिथे हिरव्यात थोडा लाल घातला की पानाची खरी सावली मिळते. काळा घातला तर पान मेल्यासारखं दिसतं. ब्रश तीनच पुरेत: अर्ध्या इंचाचा चपटा, 6 नंबरचा गोल आणि बारीक रेघांसाठी 0 नंबरचा लायनर.

पोस्टर कलर वापरू नका, असं मी आवर्जून सांगेन. शाळेतून उरलेल्या बाटल्या घरोघरी असतात आणि मोह होतो. पण पोस्टर कलर वाळल्यावरही पाण्यात विरघळतो, दारावर पावसाची एक झड आली की झेंडूचा केशरी पानांवर ओघळतो. चमकणारे फ्लुरोसंट रंगही टाळा, ते उन्हात फार लवकर उडतात. याउलट गेरू आणि पिवळी माती यांच्यातलं लोहाचं रंगद्रव्य उन्हाला दाद देत नाही. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दारासाठी याच रंगांवर भिस्त ठेवा.

अस्तर: इथे घाई नको

प्लायचा तुकडा आणल्या आणल्या रंगवू नका. घरात कोरड्या जागी, दोन्ही बाजूंनी वारा लागेल असा चार-पाच दिवस उभा ठेवा. मग 120 ने आणि नंतर 220 ने घासा. पृष्ठभागापेक्षा कडांवर जास्त वेळ द्या, कारण प्लायच्या कडेला लाकडाचे थर उघडे असतात आणि पाणी तिथूनच आत जातं. खड्डे असतील तर पुट्टी भरून, वाळवून पुन्हा घासा. धूळ कोरड्या सुती फडक्याने पुसा, ओल्या नको.

आता प्रायमरचे दोन हात द्या. पुढची बाजू, मागची बाजू, आतली कड, बाहेरची कड आणि भोकाच्या आतसुद्धा. मागे कोण बघतंय, असं म्हणून बरेच जण मागची बाजू सोडून देतात. मग एक बाजू बंद आणि एक उघडी राहिल्याने उघडी बाजू ओल पिते, फुगते आणि कडं वाकतं. दारावर टांगलेलं वाकडं कडं पुन्हा सरळ होत नाही.

पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नको. प्रायमर वाळलाय का हे बोटाने दाबून कळत नाही, तळहाताची मागची बाजू हलकेच टेकवा. गार लागलं तर आत पाणी आहे, थांबा. डब्यावर लिहिलेला वेळ कोरड्या हवेचा असतो. आपल्याकडे सप्टेंबरात त्याच्या दुप्पट धरलेला बरा. लवकर वाळावं म्हणून कडक उन्हात ठेवू नका, प्लाय पिळवटतो. सावलीत, पंख्याखाली, चार खिळ्यांच्या टोकांवर आडवं ठेवलं की दोन्ही बाजू एकदम वाळतात.

त्यावर पार्श्वभूमीचा रंग. दोन रंग मला या कामाला सगळ्यात चांगले वाटतात. एक म्हणजे गेरूचा तांबडा, ज्यावर पिवळी लोंबी उठून दिसते. दुसरा फिकट बदामी, पांढऱ्यात पिवळी माती घालून केलेला, ज्यावर हिरवी पानं खुलतात. गेरू बाजारातून आणून फेव्हिकॉलमध्ये कालवला तरी चालतो, पण फेव्हिकॉल पाण्याने पुन्हा मऊ पडतो. तेव्हा त्यावर वॉर्निश सोडून चालणार नाही.

मांडणी

पार्श्वभूमी वाळली की खडूने कड्याचे बारा भाग करा. पानं एकाच दिशेने फिरू द्या, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने किंवा उलट, पण मधेच दिशा बदलू नका. नजर कड्यावरून फिरत राहते ती या दिशेमुळे. झेंडूचा घोस खाली डावीकडे, म्हणजे सात ते आठच्या जागी ठेवा. फुलं तीन किंवा पाच घ्या, आकार लहानमोठे. लोंब्या घोसातून निघून दोन्ही बाजूंना वर जाऊ द्या आणि वरच्या दोन भागांत फक्त पानं ठेवा. ठरावीक अंतरावर एक फूल, एक पान असं सारखं मांडलं तर कडं छापील दिसतं.

कागदावर आधी खऱ्या आकाराचं चित्र काढा आणि मागे खडू घासून ते उतरवा. आंब्याचं एक पान, एक झेंडू आणि भाताची एक लोंबी समोर ठेवून चित्र काढा. मोबाइलवरच्या फोटोवरून नको. याचं कारण लोंबीजवळ आलो की कळेल.

लोंबी

रंगवलेल्या तोरणांत सगळ्यात जास्त चुकते ती हीच. बाहेरची चित्रं पाहून रंगवणारा माणूस भातसुद्धा गव्हासारखा रंगवतो: ताठ उभी दांडी, दोन्ही बाजूंना घट्ट बसलेले दाणे. भाताची लोंबी तशी नसते. ती मोकळी असते. मुख्य दांडीतून बारीक फांद्या निघतात आणि त्या फांद्यांवर आखूड देठांनी दाणे लागलेले असतात. निसवल्यावर ती उभी असते, दाणा भरत गेला की वाकते आणि पिकल्यावर टोक खाली लोंबतं. गोल कड्यासाठी हे फारच सोयीचं आहे, कारण लोंबीचा बाक आणि कड्याचा बाक आपसूक जुळतो.

एक लोंबी हातात घेऊन उजेडात धरा. टोकाकडचे दाणे सोनेरी झालेले दिसतील आणि देठाकडचे अजून हिरवट. भात टोकाकडून फुलत खाली येतो, म्हणून टोकाचा दाणा आधी पिकतो आणि देठाजवळचा मागाहून. रंगवतानाही हाच क्रम ठेवा. टोकाला पिवळी माती आणि पांढरा, मध्ये नुसती पिवळी माती, देठाकडे पिवळ्या मातीत किंचित हिरवा. एवढ्या एका गोष्टीने चित्रातला भात शेतातला वाटू लागतो.

दांडीसाठी रंग पातळ करा आणि लायनरने एकाच ओढीत कमान काढा. हात मनगटातून नको, कोपरातून फिरू द्या. मग पाच-सहा फांद्या, प्रत्येक दांडीपासून थोडी दूर जाऊन खाली झुकणारी. दाण्यासाठी गोल ब्रशचं टोक टेकवा, जरा दाबा, उचला. टेकवताना दाण्याचं बूड तयार होतं आणि उचलताना टोक निघतं. दाण्यांना एकेक करून बाह्यरेषा काढत बसू नका, ते कोरडे दिसतात. सगळे दाणे झाले की प्रत्येकाच्या सावलीच्या बाजूला बर्न्ट सिएनाची बारीक रेघ आणि उजेडाच्या बाजूला पांढऱ्याचा ठिपका. उजेड कुठल्या बाजूने येतो हे आधी ठरवा आणि सगळ्या कड्यावर तेच पाळा.

जुन्या वाणांत दाण्याला लांब कुसळ असतं. ते हवं असेल तर रंग शाईइतका पातळ करून लायनरने केसासारख्या रेघा ओढा. इंद्रायणीसारख्या भातात कुसळं काढू नका. बघणारा शेतकरी असेल तर लगेच ओळखेल.

पानं आणि फुलं

आंब्याचं पान गोल ब्रशच्या दोन ओढींत होतं, मधल्या शिरेच्या एका बाजूची एक आणि दुसऱ्या बाजूची एक. एका बाजूला हिरवा थोडा गडद ठेवला की पान दुमडल्यासारखं वाटतं. मधली शीर पिवळसर हिरव्याने, सर्वांत शेवटी. कडेला किंचित लाट द्या. सगळी पानं एकाच हिरव्याची नकोत. कोवळी पालवी तांबूस असते, तेव्हा तीन-चार पानांत बर्न्ट सिएना मिसळा. गेरूच्या पार्श्वभूमीवर मात्र ही तांबूस पानं हरवतात, तिथे पिवळसर हिरवी घ्या.

झेंडूसाठी चपटा ब्रश. त्याच्या एका कोपऱ्यावर केशरी आणि दुसऱ्यावर पिवळा घ्या, कागदावर दोनदा घासून रंग मधे मिसळू द्या. पिवळी बाजू बाहेर ठेवून छोट्या झालरीसारख्या फटकाऱ्यांनी बाहेरचं वर्तुळ पुरं करा, मग त्याच्या आत दुसरं, तिसरं. बाहेरून आत येत गेलं की पाकळ्या एकावर एक बसतात. मधोमध थोडा गडद केशरी सोडा. केशरी तयार करताना पिवळ्यात लाल घाला, लालात पिवळा नको. लाल फार जोरकस असतो आणि डबाभर पिवळा संपतो.

आपट्याचं पान दसऱ्याचं आहे, ते जरूर घ्या. दोन पाळ्यांचं, लांबीपेक्षा रुंदीने जास्त, जाडसर. बाजारात आपटा म्हणून बऱ्याचदा कांचनाची मोठी पानं विकली जातात, त्यांच्यावरून चित्र काढू नका. दसऱ्याला या झाडांच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात हे दरवर्षी दिसतं आणि वाईट वाटतं. दारावर रंगवलेलं सोनं असेल तर झाडाला तेवढी उसंत मिळेल.

रिकाम्या जागा भरायला सोनकी वापरा. पाऊस ओसरताना कळसूबाईच्या उतारांवर तिची बारीक पिवळी फुलं पसरलेली असतात. ब्रशच्या टोकाने पाच-सहा ठिपके आणि मध्ये गडद पिवळा, झालं फूल. तेरड्याचा गुलाबीही एखाद-दोन ठिकाणी चालतो, पण त्याला आवर घाला.

वारली पद्धतीने करायचं असेल तर

फुलंपानं नको असतील तर गेरूवर पांढऱ्याने वारली चित्र काढता येतं, आणि गोल कड्याला ते फार शोभतं. तारपा वाजवणाऱ्याभोवती हातात हात गुंफून फिरणारी माणसं या पट्ट्यावर नेमकी बसतात. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. त्यांची चित्रं पाहिली की लक्षात येतं, दोन त्रिकोणांची ती माणसं कधी सारखी नसतात. कुणी पुढे झुकलेला, कुणी मागे वळलेला. छापा मारल्यासारखी माणसं काढली तर नाच थांबतो.

दोन गोष्टी सांभाळा. लग्नात सवाशिणी जो देवचौक लिहितात, पालघट देवीचा, तो पूजेचा आहे. तो दाराच्या सजावटीत घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. शेत, झाडं, पक्षी, नाच, कापणी एवढे विषय पुष्कळ आहेत. दुसरं, पारंपरिक पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा असतो. भिंतीवर तो सुंदर दिसतो, पण दमट हवेत लाकडावर त्याला बुरशी धरते आणि कसर, मुंग्या लागतात. तोरणावर ॲक्रिलिकचा पांढराच वापरा. ब्रश मात्र बांबूच्या काडीचा करून बघा. टोक ठेचून तंतू सुटे केले की जी जराशी खडबडीत रेघ येते, ती दुकानातल्या ब्रशने येत नाही.

शेवटचे हात

चित्र झाल्यावर एक पूर्ण दिवस थांबून मॅट वॉर्निशचे दोन पातळ हात द्या, पुढे आणि मागे दोन्हीकडे. जाड हात दिला तर तो दुधासारखा पांढुरका राहतो, विशेषतः पावसाळी दिवशी. आकाश भरून आलं असेल त्या दिवशी वॉर्निश लावूच नका. टांगायला सुतळी किंवा काथ्याची दोरी घ्या आणि कड्याच्या मागे खाली दोन छोट्या रबरी गुट्ट्या चिकटवा. त्यामुळे कडं दाराला घासत नाही आणि मागून वारा खेळतो.

तुळशीचं लग्न झालं की कोरड्या फडक्याने पुसून, जुन्या सुती साडीत गुंडाळून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत ओल कोंडते. मे महिन्यात एकदा काढून पाहा. रंगाला तडा गेला असेल तर पाऊस सुरू होण्याआधी तेवढ्या जागेवर रंग आणि वॉर्निशचा हात द्या.

आणि एक विनंती. रंगवलेलं तोरण दारावर आलं म्हणून ताजं बांधायचं थांबवू नका. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आजूबाजूचे शेतकरी झेंडूचे ढीग रस्त्याच्या कडेला मांडून बसतात, दिवस मावळला की उरलेल्या फुलांना कोणी विचारत नाही. त्यांच्याकडून पाव-अर्धा किलो फुलं घ्या, घासाघीस करू नका आणि चौकटीला ओवून बांधा. गोल कडं दारावर राहील, ताजी माळ चौकटीवर. दोघांनाही जागा आहे.